डीबग बंद केल्याने कर्नल दुप्पट पळत नाही

भाच्याने परवा एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, लॅबच्या सर्व्हरवर हे करून टाकू का?" संदेशाचा सारांश असा: लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल करा, डीबग इन्फो, एफट्रेस, केअ‍ॅसॅन, केफेन्स, कॅलसिम्स आणि बग हे चुका शोधायला मदत करणारे सगळे पर्याय बंद करा, कर्नल दुप्पट वेगाने पळेल. पुढे ढकलणाऱ्या एकानेही आधी-नंतरचं मोजमाप जोडलेलं नाही. भाच्याला तेव्हाच "हात लावू नकोस" म्हणून कळवलं. आता कारणं.

डीबग इन्फो: मशीन कोड मूळ सोर्सच्या कोणत्या ओळीचा हे सांगणारी ही माहिती वेगळ्या सेक्शनमध्ये असते आणि बूट होणाऱ्या इमेजमधून काढून टाकलेली असते. डिस्क आणि बिल्डचा वेळ खाते, चालत्या कर्नलचा नाही. विषय संपला.

एफट्रेस, म्हणजे कर्नलमधलं कोणतं फंक्शन कधी चाललं हे नोंदवणारी (ट्रेसिंगची) सोय: म्हणे प्रत्येक फंक्शनला ट्रेसिंगचा भुर्दंड पडतो. एक्स८६-६४ (नेहमीचे ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसर) वर फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलर ५ बाइटचा कॉल ठेवतो हे खरं. पण डायनॅमिक एफट्रेस चालू असेल, तर बूट होतानाच त्या जागी नॉप (काहीच न करणारी सूचना) बसतो. ट्रेसिंग बंद असताना खर्च जवळपास शून्य, असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय.

केअ‍ॅसॅनबद्दल, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाबद्दल, संदेश बरोबर आहे. दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (नोंदीसाठीची जादा मेमरी) आणि जवळपास प्रत्येक मेमरी अ‍ॅक्सेसवर तपासणी, म्हणजे कर्नल मंदावणारच. लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारा लॉकडेपही तसाच महागडा. पण प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या कामाच्या, कर्नलमध्ये हे दोन्ही मुळात चालू नसतात. जे चालू नाही ते बंद करून वेग कुठून येणार? केफेन्सला मात्र याच माळेत ओवणं चूक आहे. कर्नलच्या ५.१२ आवृत्तीत आलेला केफेन्सही मेमरीच्या चुकाच पकडतो, पण तो प्रॉडक्शनसाठीच बनवलाय. डीफॉल्टनुसार साधारण १०० मिलिसेकंदांतून मेमरीचं एखादं अ‍ॅलोकेशन तो गार्ड पेजच्या (हात लावताच चूक उघडी पाडणाऱ्या मेमरीच्या पानाच्या) शेजारी ठेवतो. ४ केबीची पेजेस धरली तर सगळा मिळून सुमारे २ एमबीचा पूल (राखून ठेवलेली मेमरी), बस.

आता ज्याने खरोखर नुकसान होईल तो सल्ला: बग आणि कॅलसिम्स बंद करा. बग म्हणजे काही अशक्य घडलं की कर्नलने ओरडण्याची सोय; ती बंद केली की वॉर्नचे, म्हणजे कर्नल न थांबवता दिले जाणारे, इशारेही गप्प होतात. आणि वाचतं काय? एक्स८६ वर वॉर्न म्हणजे नेहमीच्या वाटेवर एक तुलना आणि सहसा न घेतली जाणारी एक उडी. फाइलचं नाव आणि ओळ वेगळ्या तक्त्यात असतात. अट खरी ठरली तरच ट्रॅप होऊन (प्रोसेसर चालू काम थांबवून) तो तक्ता चाळला जातो. कर्नलच्या केकॉन्फिगमधली, म्हणजे बिल्डच्या पर्यायांच्या यादीतली, या बग पर्यायाची मदत वाचा. हा पर्याय काढल्यास अनेक घातक परिस्थितींकडे मुकाट्याने दुर्लक्ष होऊ शकतं, चुका कळवण्याची सोयच नसलेल्या एम्बेडेड यंत्रांसाठीच याचा विचार करा, एरवी 'वाय' (हो) म्हणा, असं तिथे स्पष्ट आहे. फाइलसिस्टीमची आतली नोंद बिघडली, वॉर्न उमटलं नाही आणि कर्नल तसाच लिहीत राहिला, तर बॅकअपमध्येही बिघडलेलाच डेटा जाईल. त्यात कॅलसिम्स (फंक्शनच्या नावांचा तक्ता) नसेल तर उप्सच्या, म्हणजे कर्नल चुकल्यावर छापल्या जाणाऱ्या अहवालाच्या, स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या साखळीत) फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स पत्ते, आणि केएएसएलआर दर बूटला कर्नलची मेमरीतली जागा बदलतं, म्हणून तेही दर वेळी वेगळे. रात्री पडलेला सर्व्हर सकाळी कोणी कसा शोधायचा?

डीबगच्या सोयी वेग खातात यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. स्टॅक ट्रेससाठी प्रत्येक फंक्शनमध्ये ठेवलेल्या फ्रेम पॉइंटरमुळे काही कामांत कर्नल ५ ते १० टक्के मंदावल्याचं मोजमाप आहे. म्हणूनच ४.१४ मध्ये त्याशिवाय स्टॅक ट्रेस काढणारा ओआरसी अनवाइंडर आला: २ ते ४ एमबी जास्त रॅम घेतो, पण स्टॅक ट्रेस शाबूत राहतो. दुसरा खरा खर्च सिरियल कन्सोलचा, म्हणजे कर्नलचे संदेश केबलवरून पाठवण्याचा. ११५२०० बॉडच्या वेगाने ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. संदेशांचा पूर येत असेल तर कन्सोलची लॉगलेव्हल (कोणते संदेश दाखवायचे ती पातळी) उतरवा; डीमेसेगमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ते संदेश तरीही मिळतात.