पीएलसी एररवर सहा रामबाण उपाय म्हणे!

रात्री भाच्याचा फॉरवर्ड आला, खाली प्रश्न, 'मामा, हे करून बघू का? मशीन बंदे, सुपरवायझर डोक्यावर उभाय.' पोरगा नाशिकच्या अंबडला मेंटेनन्सला नवीन लागलाय, नाईट शिफ्टला एकटाच. आणि हाच मेसेज मला सातपूरच्या दोन ग्रुपवर आधीच येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरात शिरलाय म्हटल्यावर लिहितोच.

मेसेज थोडक्यात असा, पीएलसीबद्दल, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरबद्दल. पीएलसी एरर आली? इंजिनिअर बोलवू नका! एक, लाल एसएफ दिवा म्हणजे सीपीयू (पीएलसीचा मेंदू) जळाला. दोन, मेमरी रिसेट मारा, ९९ टक्के एरर जातात. तीन, रिकामा ओबी१२१ (प्रोग्रॅममध्ये एरर आली की आपोआप चालणारा ब्लॉक) टाका, सीपीयू स्टॉपला जाणारच नाही. चार, सेन्सर येत नसेल तर इनपुट फोर्स करून, म्हणजे सिग्नल आल्याचं खोटंच दाखवून, मशीन चालवा. पाच, पावसाळ्याआधी पॉवर बंद करून बॅटरी बदला. सहा, प्रोग्रॅम आपोआप बिघडतो कारण व्हायरस. फोटो सीमेन्सच्या एस७-३०० चा लावलाय, म्हणून त्याच्याचबद्दल बोलतो, आणि भाच्याच्या मशीनवरही तोच आहे.

एसएफचं पहिलं उरकतो. तो ग्रुप फॉल्टचा दिवा आहे, हार्डवेअर किंवा प्रोग्रॅम, कशातही गडबड असली की लागतो. एका मॉड्यूलची २४ व्होल्टची वायर सुटली तरी लागू शकतो. यावरून सीपीयू जळाला म्हणणारा माणूस बहुतेक सीपीयू विकत असावा. आणि जळालाच असेल तर दोन नंबरला रिसेट कोणाला मारायचा?

आता हा रिसेट. सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होतं, कारण तो मारला की मशीन खरंच चालू होतं. भाच्याच्या प्रेसचंच बघा. त्याला म्हटलं कशालाही हात लावू नको, लॅपटॉपची केबल लाव, मॉड्यूल इन्फॉर्मेशन उघड, डायग्नोस्टिक बफर (सीपीयूने ठेवलेली एररची नोंद) सेव्ह कर आणि स्क्रीनचे फोटो पाठव. बफरमध्ये सरळ लिहिलं होतं, वाचताना एरिया लेंथ एरर, म्हणजे डेटाच्या हद्दीबाहेर वाचलं, ओबी१२१ नाही म्हणून स्टॉप, आणि कुठल्या एफसीत (प्रोग्रॅमच्या तुकड्यात) कुठल्या पत्त्यावर तेही. मग स्टॅक्सच्या टॅबमध्ये आय-स्टॅक, म्हणजे सीपीयू थांबला त्या क्षणाची स्थिती, बघितला तर एआर१ या अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये पत्ता होता ८००.०. रेसिपीचा, म्हणजे एकेका जॉबच्या सेटिंगचा, डीबी (डेटा ब्लॉक) बरोबर ८०० बाइटचा, म्हणजे ० ते ७९९, एका रेसिपीला ४० बाइट, हिशोबाने २० रेसिपी बसतात. मग २१ वी कोणी मागितली? एचएमआयवर, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवर, कोणीतरी रेसिपी नंबर २१ टाकला होता, स्क्रीनवर लिमिट नाही, प्रोग्रॅममध्ये तपासणी नाही, पॉइंटर (वाचायचा पत्ता) गेला डीबीच्या बाहेर आणि सीपीयूने हात वर केले. सीपीयूला काही झालेलं नाही, प्रोग्रॅमही बिघडलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून असाच लिहिलेला आहे, फक्त तोपर्यंत कोणी २१ दाबलं नव्हतं.

आता इथे मेमरी रिसेट मारला असता तर? सीमेन्सच्या मॅन्युअलमध्ये मेमरी रिसेटला काय पुसलं जातं ते स्वच्छ दिलंय, वर्क मेमरी आणि रिटेंटिव्ह (पॉवर गेली तरी टिकणारा) डेटा साफ, मग मेमरी कार्डवरून प्रोग्रॅम परत लोड, आणि डीबीतले आकडे जे कार्डवर आहेत ते. म्हणजे २१ गेलं, नंबर परत १ झाला, मशीन चालू, आणि ग्रुपवर 'धन्यवाद सर, वर्क झालं'. पण त्याबरोबर ऑपरेटरने वर्षभर एचएमआयवरून बसवलेलं प्रेशर, डवेल टाइम (दाबून धरायचा वेळ), सगळं कमिशनिंगच्या आकड्यांवर. सकाळच्या शिफ्टला क्वालिटीवाला पार्ट हातात घेऊन विचारणार, हे काय केलं रात्री. डायग्नोस्टिक बफर रिसेटनंतर टिकतो हे मान्य, पण स्टॅक जातो आणि तो २१ आकडा जातो. पुन्हा कोणी २१ दाबलं की पुन्हा स्टॉप. जुन्या, कार्ड नसलेल्या बॅटरीवाल्या सीपीयूवर तर रॅममधला प्रोग्रॅमच साफ, मग बॅकअप शोधत बसा, आणि तो पॅनल बनवणाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये असतो.

ओबी१२१ चं, बरं, एवढं खरंय, तो ब्लॉक टाकला की प्रोग्रॅमिंग एररला सीपीयू रनमध्येच राहतो. पण रिकामा टाकला तर चुकलेली ओळ सोडून गाडी पुढे जाते, प्रेशरच्या जागी आधीच्या जॉबचा आकडा तसाच राहू शकतो, आणि प्रेस त्या आकड्यावर मारतो. ओबी१२१ टाकायचाच तर त्यात सायकल थांबवून अलार्म द्या. आमच्या केसमध्ये त्याचीही गरज नव्हती, नंबर १ ते २० मध्ये आहे का ही तपासणी एफसीत टाकली, एचएमआयवर लिमिट लावलं, झालं काम.

बॅटरी. फोटोतल्या कार्डवाल्या एस७-३०० ला बॅटरीच नसते, काय बदलणार? आणि ज्या जुन्यांना असते तिथे पॉवर चालू ठेवून बदलतात, बंद करून काढली तर प्रोग्रॅम घालवून बसाल. म्हणजे सल्ला दोन्हीकडून उलटा.

व्हायरसचं अर्धं खरं आहे हे नाइलाजाने कबूल. २०१० ला स्टक्सनेट सापडला, तो सीमेन्सच्या पीएलसीतच कोड घुसवायचा. पण तो इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्रासाठी बनवला होता, तुमच्या सातपूरच्या पॅकिंग मशीनच्या सुटलेल्या प्रॉक्झी सेन्सरसाठी नाही.

राहिला फोर्स. सेन्सर येत नाही म्हणजे नेमका कुठला? जुन्या प्रेसवर गार्डच्या दाराचा स्विचही सरळ पीएलसीच्या इनपुटला आणलेला असतो, सेफ्टी रिले वगैरे काही नाही, आणि नेमका तोच सारखा खराब होतो. तो फोर्स केला, मशीन पळवलं, लॅपटॉप बंद करून घरी गेलात, तरी फोर्स सीपीयूत तसाच राहतो. दार उघडं असताना पीएलसीला ते बंदच दिसतं. सीपीयूवर फक्त एफआरसीईचा छोटा पिवळा दिवा, तोही बंद पॅनलच्या आत. सकाळी आलेल्या ऑपरेटरला कोण सांगणार? सिम्युलेटरवर शिकताना हवं तेवढं फोर्स करा, चालू प्रेसवर दाराचा स्विच बदला. ज्याने हा चौथा मुद्दा लिहिला त्याने एकदा असल्या फोर्स केलेल्या प्रेसच्या डायमध्ये स्वतः हात घालून पार्ट काढून दाखवावा, मग खुशाल पुढे पाठवावा.