दिवा लागतो म्हणजे चालू

जुना एफएम ट्यूनर विकणाऱ्याच्या भाषेत 'चालू कंडिशन' म्हणजे वायर लावली की पुढचा दिवा लागतो. 'फुल वर्किंग' म्हणजे दिवा लागतो आणि मीटरचा काटाही हलतो. 'रेअर पीस' म्हणजे दिवा लागत नाही. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात शिरण्यापूर्वी हा शब्दकोश पाठ असावा.

घरच्यांसाठी मात्र कोणताही शब्दकोश पुरत नाही. रेडिओ आहे, पण आवाज नाही. हा डबा फक्त केंद्र पकडतो आणि मागच्या दोन आरसीए भोकांतून अँप्लिफायरकडे पाठवतो. अँप्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. "मग मोबाइलवर ऐकू येत नाही का?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. अँपला जोडताना 'ऑक्स'ला, म्हणजे बाहेरच्या यंत्रांसाठीच्या साध्या भोकाला जोडा. 'फोनो'ला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या भोकाला जोडलात तर निवेदिका रांजणात बसून ओरडल्यासारखी वाटते.

चंदेरी चेहरा, पिवळसर उजेड, दोन मीटर... इथे माणूस विरघळतो. म्हणून मी म्हणतो, आधी डबा फिरवून पाठ बघा. जपानातल्या ग्राहकांसाठी बनवलेला ट्यूनर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. मागे व्होल्टेज बदलायची चकती नसेल आणि थेट आपल्या २३० ला लावलात, तर दिवा लागतो खरा, पण थोडाच वेळ. ट्यूनर खाऊन खाऊन खाणार १०-२० वॉट, त्याला ५० व्हीएचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पुष्कळ झाला. 'सेफ साइड' म्हणून हजार व्हीएचा घेतलात तर रेडिओपेक्षा त्याचीच गुणगुण ऐकाल.

मग पट्टी वाचा. जुन्या जपानी ट्यूनरची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. आपली करमणूक सुरू होते ९१.१ च्या आसपास. म्हणजे यंत्र अव्वल आणि ऐकायला जवळपास शून्य. अमेरिकन डिजिटल ट्यूनरची खोड वेगळी. त्यातले काही ०.२ च्या उड्या मारतात आणि फक्त विषम आकड्यांवर थांबतात. ९१.१, ९३.५, ९८.३ सगळे लागतात. ज्या विविध भारतीसाठी हा खटाटोप, ती पुण्यात १०१.० वर, नेमकी १००.९ आणि १०१.१ च्या फटीत. काट्याचा ट्यूनर घ्या, त्याला सम-विषम कळत नाही.

केंद्राने चढवून पाठवलेले तीव्र सूर ट्यूनर परत खाली आणतो, त्याला डी-एम्फसिस म्हणतात. अमेरिकन यंत्र ७५ मायक्रोसेकंदांच्या डी-एम्फसिसचं असतं, आपल्याकडे ५० लागतं. फरक एवढाच की झांजा जरा गोधडीखालून वाजतात. काहींना मागे बटण असतं. नसेल तर दोन्ही चॅनेलमधला तो कपॅसिटर दोन तृतीयांश किमतीचा टाकायचा, ०.०१५ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०१.

आता जाणकार मंडळी. ती 'पाच गँगचा आहे का? नॅरो फिल्टर आहे का?' असं विचारून भाव चढवतात. गँग म्हणजे खुंटीबरोबर फिरणाऱ्या, केंद्र निवडणाऱ्या कपॅसिटरचे कप्पे; नॅरो फिल्टर म्हणजे शेजारचं केंद्र गाळणारी चाळणी. अमेरिकेत दूरदूरची, एकमेकांना खेटलेली केंद्रं पकडणाऱ्यांना हे हवंच. आपल्या शहरात खाजगी केंद्रं ९१.१, ९१.९, ९२.७ अशी ०.८ च्या अंतरावर, पंगतीत पाट मांडल्यासारखी ऐसपैस बसलेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरचा पायोनिअर, सान्सुई, केनवूड किंवा यामाहाचा मधल्या फळीतला, तीन-चार गँगचा ट्यूनर पुरून उरतो. तसंही एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच येतो. वर केंद्रवाले तो दाबून-दाबून पाठवतात. डिस्टॉर्शनचा आकडा कितीही बारीक असला तरी तुम्हाला सोन्याच्या घडणावळीवरची सूट तेवढी अधिक स्वच्छ ऐकू येईल.

घेताना अँटेनासाठी दीड मीटर वायर आणि ऑक्सवाला बॅटरीचा छोटा स्पीकर खिशात ठेवा. खुंटी सावकाश फिरवा. खरखर आली तर गँगच्या दांड्याचा अर्थिंगचा संपर्क मळलाय. काँटॅक्ट क्लीनरने जातं, घाबरू नका. सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर सर्वात वर असताना दुसऱ्या, केंद्र नेमकं लागलंय का दाखवणाऱ्या मीटरचा काटा मध्यावर नसेल तर डिटेक्टर कॉइलची (सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाची) जुळणी सरकलीय. इथे भाव पाडा. केंद्र दणदणीत असूनही स्टिरिओचा दिवा लागत नसेल, तर बहुधा केंद्र स्टिरिओची खूण म्हणून पाठवतं त्या १९ किलोहर्ट्झच्या 'पायलट' सुराशी ट्यूनरचं कुलूप लागत नाही. एक प्रीसेट (आतला जुळणीचा छोटा स्क्रू) किंचित फिरवायचा असतो, पण कोणता, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून. झाकण उघडून कॉइलच्या फेराइट कोरचे (आतल्या ठिसूळ, फिरवायच्या गाभ्याचे) टवके उडालेले दिसले की मात्र नमस्कार करून निघा. प्रत्येक जुन्या ट्यूनरला आयुष्यात एकदा 'थोडं ट्यून करून देतो' म्हणणारा लोखंडी स्क्रूड्रायव्हरवाला भेटलेला असतो.

एवढं करून घरी आणलेला ट्यूनर फुसफुसतोच, कारण अँटेनाच्या जागी टाचणी खोचलेली असते. मोनोला जो सिग्नल पुरतो, त्यापेक्षा स्टिरिओला वीसेक डेसिबल जास्त लागतो. जुन्या टीव्हीची ३०० ओहमची चपटी वायर १.४५ मीटर कापा, दोन्ही टोकांच्या तारा आपापसांत जोडा, मधोमध एकच तार तोडून तिथल्या दोन टोकांपासून तशाच वायरचा दुसरा तुकडा ट्यूनरच्या ३०० ओहमच्या स्क्रूंपर्यंत न्या. झाला टी-अँटेना. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक बंद करून बघा, एखादा गुन्हेगार सापडतो. मग मीटर बघत अँटेना भिंतीभिंतीवर फिरवा. काटा सर्वात वर जातो ती जागा हॉलच्या दाराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर असते. दुसरी चांगली जागा देवघरावर. आणि तिथेही, वायरला हात लावून तुम्ही उभे आहात तोवरच.