हजार वर्षांची तीच घराणी?

‘आपल्या गावांत हजार वर्षं तीच घराणी नांदतायत, आडनावं तपासा. बाहेरची माणसं आली ती गेल्या पन्नास वर्षांत.’ महाराष्ट्रातल्या गावांबद्दल असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, तीच घराणी. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खनमधली गावंच्या गावं ओस पडली. माणसं मेली, उरलेली परागंदा झाली. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. असा मुलूख पुन्हा लावायचा तर कौल द्यावा लागे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढता. याला इस्तावा म्हणत. ही सवलत जो येऊन जमीन कसेल त्याला, मग तो कुठलाही असो. पडीक रानाचा सारा कुणाकडून वसूल करणार? म्हणून गावकामगार, म्हणजे पाटील-कुलकर्णीच, कसणारी माणसं हुडकत फिरत. जुन्या कागदांत मिरासदारांच्या, म्हणजे वंशपरंपरागत जमीनवाल्यांच्या, जोडीला उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारे, दिसतात, आणि ज्यांचं कुणी मागे उरलं नाही अशांच्या शेतांची ‘गतकूळ’ म्हणून वेगळी नोंद असते. सगळी घराणी जागच्या जागी टिकली असती, तर ही नोंद कशाला लागली असती? काही पाटील घराणी शतकानुशतकं टिकली, हे कबूल. पण पाटीलकीसुद्धा विकत घेता येत होती.

दुसरा, आडनाव. शेवटी ‘कर’ म्हणजे मूळचा तिथलाच, असं म्हणणं. अहो, सगळेच ज्या गावचे, तिथे एकालाच गावाच्या नावाने कोण हाक मारेल? असं आडनाव सहसा गाव सोडल्यावर चिकटतं. आणि रायगडातले पेणकर, रोहेकर, केहीमकर पाहा. यांतले कितीतरी बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले असं ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. घरात मराठीच. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. म्हणजे एक अख्खा समाज आला, गावचा झाला आणि गेलाही.

तिसरा मुद्दा पन्नास वर्षांचा. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल-रेवदंडा सोडलं, तरी शेजारच्या कोर्लई गावच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली बोली टिकून आहे. उलट अलीकडे ‘बाहेरचे’ ठरलेल्यांत कोयनेत गावं बुडालेले धरणग्रस्तही आहेत, म्हणजे अस्सल गावकरीच.

आणि हा मजकूर लिहिणाऱ्याने बायका मोजलेल्याच नाहीत. जनगणनेत स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे. लग्न जातीत झालं तरी सून बहुधा दुसऱ्या गावची, आणि लेक तिसऱ्याच गावात.