‘एकदाच खोल पील करा, वांग मुळासकट जाईल’: हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर लग्नसराईत एक मजकूर हमखास फिरतो: हलकं पील म्हणजे पैसे पाण्यात, एकदाच खोल करा, वांग मुळासकट जाईल, लग्नाआधी पंधरा दिवस पुरेत. पील म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावून कातडीचा थर सोलून काढणं, आणि वांग म्हणजे चेहऱ्यावरचे काळपट डाग.

आधी ‘मुळासकट’. वांग म्हणजे उपटून टाकायचं तण नव्हे. रंग बनवणाऱ्या पेशी ऊन, उष्णता आणि हार्मोन्समुळे चेतलेल्या असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला खोलवर भाजलं की त्या आणखी चवताळतात आणि जास्तच रंग ओततात. सगळ्यात खोल जाणारं फिनॉलचं पील तर आपल्या रंगाच्या कातडीवर सहसा टाळतातच. त्याने कायमचे पांढरे चट्टे पडू शकतात, शिवाय फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून ते करताना ईसीजी लावून ठेवावा लागतो.

हलकं पील फुकट जातं, हेही चूक. ग्लायकोलिक किंवा २०-३० टक्के सॅलिसिलिक ॲसिड फक्त वरच्या थरावर काम करतं. मुरुमं आणि निस्तेजपणाला तेवढं पुरतं. वरवरचे डागही फिके होतात. मात्र दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करावं लागतं. मुरुमांच्या खड्ड्यांपर्यंत ते पोचत नाही, एवढं त्या मजकुरातलं खरं. पण त्यासाठीही सगळा चेहरा सोलायची गरज नसते. फ्रॅक्शनल लेसर बारीक ठिपके पाडतो, मधली कातडी शाबूत राहते आणि जखम तिथूनच भरते.

आता पंधरा दिवस. माझ्या मामेबहिणीने हेच ऐकलं. निपाणीच्या एका पार्लरमध्ये लेबल नसलेल्या बाटलीतलं ‘टीसीए’ (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) लावून घेतलं. मध्यम खोलीच्या या पीलची साल निघायला सात ते दहा दिवस लागतात. तिची निघाली, खालून गुलाबी कातडी आली, घरात सगळे खूश. पण भाजल्यानंतरचा काळेपणा बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांनी वर येतो, आणि तो नेमका हळदीच्या दिवशी आला. गालांच्या हाडांवर काकवीच्या रंगाचे डाग. “तोंडाला नको गे, हातापायालाच लावा,” असं ती आत्याला सांगत होती.

ते डाग फिके व्हायला आठ महिने गेले. त्वचारोगतज्ज्ञ पीलआधी दोन-चार आठवडे सनस्क्रीन आणि रात्रीचं मलम का लावायला सांगतात, ते तिला तेव्हा कळलं. तुम्ही जाल तिथे कुठलं ॲसिड, किती टक्के आणि किती थर, हे विचारा. सांगत नसतील तर खुर्चीवरून उठा.