मटकीसुद्धा आपण दोन दिवस पाण्यात ठेवत नाही

"अगं, घेवड्याच्या वाटीला वास यायला लागलाय. तसंच लावू का कुंडीत?" आत्याचा फोन. तो मेसेज तिच्यापर्यंत पोचलाय, हे मला तेव्हाच कळलं.

मेसेज असा: कोणतंही बी 48 तास गरम पाण्यात भिजवा. तरंगेल ते मेलेलं, फेकून द्या. बियांना रंग असेल तर चोळून धुऊन काढा, तो केमिकलचा असतो. 100 टक्के उगवण, गॅरंटी! मला तो चार ग्रुपांवर आला होता, मी सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

आत्याकडे जाऊन पाहिलं. स्टीलची आमटीची वाटी, गुलाबी पाणी, वर फेस. एक बी चिमटीत धरलं तर साल निसटून हातात आलं आणि आतल्या दोन डाळी बुळबुळीत. तिने ते बी उघड्या हातांनी चोळलं होतं. त्यानंतर कणीक मळण्याआधी हात साबणाने धुतले होते का, ते तिला आठवत नव्हतं.

म्हणून आधी रंगाचं. रंग केमिकलचा असतो हे खरं आहे. बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ते कुणी चुकून खाऊ नये म्हणूनच त्याला भडक रंग देतात. पाकिटावर तसं छापलेलंही असतं. ते चोळून धुतलं की बियाचं संरक्षण जातं आणि विष आपल्या हाताला, वाटीला, मोरीत जातं. नको असेल तर प्रक्रिया न केलेलं बी मागून घ्या. रंगीत बी हातमोजे घालून थेट मातीत टोचा. लहान मुलांच्या हाती तर ते देऊच नका.

आता 48 तास. मोड आणताना आपण काय करतो? मटकी रात्रभर भिजवतो, सकाळी पाणी काढून टाकतो आणि फडक्यात बांधतो. कारण भिजलेलं बी जिवंत असतं, श्वास घेतं, त्याला हवा लागते. दोन दिवस पाण्याखाली ते गुदमरतं. त्यात घेवडा, वाटाणा, सोयाबीन यांचं साल पातळ. कोरडं बी एकदम पाणी ओढतं, आतल्या पेशी फाटतात, साखर बाहेर झिरपते आणि त्यावर जंतू माजतात. वाटीतला वास तोच. ही बियाणी भिजवायचीच नाहीत, ओलसर मातीत लावायची.

भिजवण्याने फायदा होतोच नाही, असं मी म्हणत नाही. कारलं, दुधी, भेंडी यांना रात्रभर, दहा-बारा तास, साध्या किंवा कोमट पाण्यात ठेवलं तर चांगलंच. कारल्याच्या बियाची कड मी नेलकटरने किंचित कापते. धणे रगडून दोन फाकी करून मग भिजवते. कढत पाणी रोपवाटिकेत सुबाभळीसारख्या टणक बियांना वापरतात, तेही काही मिनिटंच. भाजीचं बी त्यात शिजेल.

तरंगण्याची गोष्ट भाताच्या शेतातून उचललेली आहे. भाताचं बियाणं 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून त्यात टाकतात, तरंगणारं पोचट काढतात, उरलेलं स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. भाताला ते लागू आहे. कारल्या-दुधीच्या सालात हवा असते, त्यामुळे चांगलं बीही तरंगतं. धण्यांचंही तेच. आत्याने दुधीच्या सहा बिया अशाच फेकल्या.

राहिली 100 टक्क्यांची गॅरंटी. देशातल्या बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत किमान उगवण टोमॅटोला 70 टक्के, भेंडीला 65, कारलं, दुधी आणि मिरचीला 60 धरली आहे. प्रमाणित बियाण्याचंही दहातलं तीन-चार बी उगवलं नाही तरी ते मानकात बसतं. तेव्हा एका कुंडीत तीन बिया लावा.

आत्याच्या कुंडीत आम्ही नवा घेवडा इंचभर खोल टोचला, न भिजवता, हातमोजे घालून. ती वाटी तिने मागच्या ओट्यावर बागेसाठी ठेवली आहे. स्वयंपाकघरात ती परत आणायची नाही, एवढं मी कबूल करून घेतलंय.