गाठ अप्पांशी

सामान बांधून नवीन घरी पोहोचवणाऱ्या मंडळींनी साडेअकरा हजार रुपये सांगितले आणि मी म्हणालो, "त्यात काय मोठेसे, आपणच बांधू." हे वाक्य मी बायको आणि दोन्ही मुलांच्या देखत उच्चारले असल्यामुळे पुढे मला ते नाकारता आले नाही. साखर पेठेतील तिसऱ्या गल्लीतून जुळे सोलापुरात जायचे, म्हणजे काही पृथ्वीप्रदक्षिणा नव्हे, असा माझा हिशेब होता. किराणा दुकानातून बिस्किटांची आणि साबणाची रिकामी खोकी आणली. पुस्तकांनी भरलेल्या पहिल्याच मोठ्या खोक्याने उचलताक्षणी तळ सोडला, तेव्हा जड वस्तू लहान खोक्यात भराव्यात हे शहाणपण मला पायाच्या अंगठ्यामार्फत मिळाले. त्यात मे महिना. पंखा लावला की कपबशांना गुंडाळायची वर्तमानपत्रे खोलीभर उडत आणि बंद केला की त्याच वर्तमानपत्रांवर माझा घाम टपटपत असे.

त्यातच सामान हलवण्याच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले. हे वाक्य बाहेरगावच्या वाचकाला निरुपद्रवी वाटेल. पण चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाणी आलेले असताना ते न भरता खोकी बांधत बसणे हा केवळ वेडेपणा नव्हे, तर पाप समजले जाते. हाताला सवयच अशी की आम्ही दोनशे लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरला आणि मग तो टेंपोत कसा चढवायचा, हा प्रश्न आम्हाला पडला. उजनीसारखे धरण आपल्याच जिल्ह्यात असताना माणसाला घर बदलताना दागिन्यांआधी पाण्याची चिंता करावी लागते, याचा जाब कोणाला विचारावा हे मला आजतागायत कळलेले नाही. शेवटी ते पाणी बादल्या-बादल्यांनी गल्लीत वाटले, आणि बादली घेऊन जे आले त्यांत अप्पा होते.

अप्पा समोरच्या घरात राहतात. चादरीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे घडी घालण्याचे आणि गाठी बांधण्याचे काम केले. बादली घरी ठेवून ते स्वतःची खुर्ची घेऊन परत आले, ती त्यांनी बरोबर आमच्या उंबऱ्यासमोर मांडली, आणि जो माणूस आयुष्यभर गोणपाट, सुतळी आणि दाभण यांच्या सहवासात राहिला आहे त्याच्या नजरेने माझ्या खोक्यांकडे पाहिले.

"काय करलालाव मालक?"

"सामान बांधतोय, अप्पा."

"ह्याला बांधणं म्हणत्यात व्हय?"

एवढे बोलून त्यांनी चपलेच्या टोकाने एक खोके हलवले. ते खुळखुळले. अप्पा काहीच बोलले नाहीत. पण गल्लीतील जी दोन-तीन माणसे पाणी नेता नेता थांबली होती, त्यांच्याकडे त्यांनी एकवार पाहून घेतले. मी ते खोके उघडले. काचेच्या बशा आडव्या एकावर एक रचल्या होत्या. त्या उभ्या ठेवायच्या असतात, असे अप्पांनी सांगितले, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आला की ते खरे होते. दुसऱ्या खोक्यात मी कप सोलापुरी चादरीत गुंडाळले होते. ते पाहून मात्र अप्पा खुर्चीवरून उठले. "चादर माणसाला गुंडाळायची असती, कपाला नव्हं," असे म्हणून त्यांनी कप जमिनीवर ओळीने मांडले आणि घरातील सहाही चादरी मागवून, किनारीला किनार जुळवून, अशा घड्या घातल्या की त्या नुकत्या दुकानातून आणल्यासारख्या दिसू लागल्या. चादरींची सुंदर गाठ तयार झाली. कप तसेच जमिनीवर राहिले. टेंपो अकराला येणार होता आणि साडेदहा वाजले होते.

मग स्टीलच्या भांड्यांची पाळी आली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडे दिल्याचे समाधान कोणालाच होत नाही, त्यामुळे आमचा संसार हा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलेला एक दस्तऐवजच आहे. अप्पांनी चष्मा लावला आणि एकेक भांडे उन्हाकडे तिरपे धरून मोठ्याने वाचन सुरू केले. कोणत्या मामाने तांब्या दिला, कोणत्या आत्याने पाच माणसांच्या संसारात चारच वाट्या दिल्या, कोणाच्या वास्तुशांतीचे ताट आहे, हे सर्व गल्लीला यथासांग कळले. "आत्याचा हात आखडता हाय," असा शेराही मध्येच पडला. माझी बायको आतल्या खोलीत गेली. आत्या तिची होती.

एक कडीचा डबा उचलून अप्पा वाचता वाचता थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि मग आपल्या सौभाग्यवतींचे नाव, सासरच्या आडनावासह आणि १२-५-१९८९ या तारखेसह, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवले.

खुलासा असा की गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, संक्रांतीला, अप्पांच्या घरून त्या डब्यातून शेंगापोळ्या आल्या होत्या. कोणत्या संक्रांतीला, हे मी येथे नमूद करत नाही. भांडे रिकामे परत देऊ नये असे आईने शिकवले होते, म्हणून काहीतरी चांगले केले की डबा देऊ असे आम्ही ठरवले, आणि चांगले काही करण्याचा योग येईपर्यंत त्यात रवा भरून ठेवला. अशा रीतीने जो माणूस निव्वळ संस्कारांमुळे चोर ठरतो, त्याने दाद कोठे मागावी? बरे, आमची घडीची शिडी मागच्या दिवाळीपासून अप्पांकडे आहे. पण शिडीवर नाव घालण्याची पद्धत नाही आणि तारीख तर नाहीच, त्यामुळे तो विषय त्या वेळी काढणे मला प्रशस्त वाटले नाही.

रवा कागदाच्या पुडीत काढून मी डबा पुढे केला. मघाशी बादली घेऊन आलेल्या सर्वांच्या देखत तो रिकामा देण्याची हिंमत होईना, म्हणून चिकटपट्टीने चांगले तीन वेढे देऊन बंद केलेले साखरेचे खोके सुरीने फाडले आणि त्यात मूठभर साखर घातली. अप्पांनी डबा आतून पाहिला, बाहेरून पाहिला, उलटा करायला निघाले होते, साखरेमुळे थांबले.

"आन् झाकण?"

झाकण तेवीस खोक्यांपैकी कोणत्यातरी एका खोक्यात होते. खाली टेंपोवाला भोंगा वाजवत होता.

याला आज नऊ दिवस झाले. अकरा खोकी अजून माळ्यावर बांधलेलीच आहेत, कारण ती उघडण्याच्या कल्पनेनेच माझी कंबर दुखते. अप्पांचा फोन मात्र रोज रात्री साडेनऊला, जेवण आटोपून, न चुकता येतो. काल मी थोडा चढ्या आवाजातच सांगितले, की अप्पा, खालची सगळी खोकी पाहून झाली, झाकण सापडत नाही. ते क्षणभर थांबले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "माळ्यावर बघितलाव का मालक? शिडी लावून बघा की."