‘रेखाचे वडील’ एवढीच ओळख?

आज पुन्हा तेच रील समोर आलं. रेखाचा फोटो, मग एका देखण्या तमिळ नटाचा फोटो, त्यावर बायकांचा आकडा, मागे ढॅणढॅण संगीत. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. जेमिनी गणेशन संपला!

डोकं फिरलं. तुम्ही सगळे कलावंताचं काम आधी बघणारे आहात, म्हणून इथे लिहितोय. त्या इमोजीवाल्यांशी वाद घालायची इच्छा नाही.

एक गोष्ट तरी मराठी माणसाला माहीत असायला हवी. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९७४ साली तमिळ पडद्यावर आलं, ‘नान अवनिल्लै’ या नावाने. दिग्दर्शक के. बालचंदर. नायक जेमिनी गणेशन आणि निर्माताही तोच. पणशीकरांचा लखोबा पाच रूपं घ्यायचा, याने नऊ घेतली. वय पन्नाशीच्या पुढे. ज्याला अख्खं तमिळनाडू ‘कादल मन्नन’, म्हणजे प्रेमाचा राजा म्हणत होतं, त्याने स्वतःचा पैसा लावून कोण उभा केला? प्रेमाच्या नावाखाली बायकांना फसवणारा आणि कोर्टात कानांवर हात ठेवणारा भामटा. आपल्याकडच्या कुठल्या रोमँटिक हिरोने स्वतःच्या प्रतिमेवर असा घाव घातलाय, सांगा.

बरं, हा माणूस आला कुठून? जन्म पुदुक्कोट्टईचा, १९२० चा. देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी त्याच्या आत्या. रसायनशास्त्राची पदवी मद्रास ख्रिश्चन कॉलेजची, काही काळ तिथेच शिकवलंही. १९४७ मध्ये एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओत नोकरीला लागला. काम काय, तर सिनेमात यायला आलेल्या मुलामुलींना भेटायचं, पारखायचं, कोणाला घेता येईल ते ठरवायला मदत करायची. त्याच वर्षी ‘मिस मालिनी’त बारीकशी भूमिका मिळाली. त्या सिनेमाची नायिका पुष्पवल्ली, म्हणजे रेखाची आई. नायक म्हणून नाव झालं ते १९५३ च्या ‘मनम्पोल मांगल्यम’ने, नायिका सावित्रीसोबत. दुसरे गणेशन, म्हणजे शिवाजी गणेशन, तोवर गाजले होते, त्यामुळे याच्या नावापुढे स्टुडिओ चिकटला.

मुद्दा असा, की एमजीआर (एम. जी. रामचंद्रन) आणि शिवाजी, त्या काळचे दोन बडे तमिळ नायक, दोघेही लहानपणापासून नाटक कंपन्यांत वाढलेले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा, हात मोठा हलवायचा, वाक्याला टाळी घ्यायची, हे त्यांच्या हाडात होतं. जेमिनीकडे ते नव्हतं. तो स्टुडिओच्या कचेरीतून आला, कॅमेऱ्यासमोर माणसं पारखत. त्यामुळे तो माइकशी बोलतो, प्रेक्षागृहाशी नाही. समोरची बाई बोलत असताना तो ऐकतो. ऐकणं हा अभिनय आहे, आणि तमिळ सिनेमात त्या काळी तो दुर्मीळ होता. गाण्याचंही तसंच. त्या दोघांना टी. एम. सौंदरराजन यांचा खणखणीत गळा लागायचा. जेमिनीला ए. एम. राजा, पुढे पी. बी. श्रीनिवास. दोघेही हळू गाणारे. जेमिनीच्या तोंडी सौंदरराजनांचा गळा घातला की चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरंच.

‘कल्याण परिसु’ बघा, १९५९ चा. श्रीधर यांचं दिग्दर्शनातलं पहिलं काम. शेवटी नायक आईविना पोरक्या झालेल्या आपल्या बाळाला घेऊन प्रेयसीच्या लग्नात पोचतो, तोवर लग्न लागून गेलेलं. बाळ तिच्या हाती सोपवतो आणि निघून जातो. याच जागी दुसरा कोणी असता तर पाच मिनिटांचं भाषण झालं असतं. इथे नाही. तरीही थिएटरं रडली.

आता तुम्ही म्हणाल, घरचं काय? हो. बायको अलमेलू घरी असताना पुष्पवल्ली, मग सावित्री. रेखाला लहानपणी बापाचं नाव मिळालं नाही, हे चूकच. सावित्रीची अखेर कशी झाली तेही ठाऊक आहे. मान्य. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही.

पण म्हणूनच परत त्या १९७४ च्या सिनेमाकडे येतो. त्याचं घर कसं आहे हे तेव्हा सगळ्या मद्रासला माहीत होतं. त्याच माणसाने नेमकं हेच नाटक निवडलं! कोणाची सक्ती नव्हती. शिवाय काम नाटकापेक्षा वेगळ्या अर्थाने अवघड. रंगमंचावर पणशीकरांची झुंज वेळेशी: फिरता रंगमंच पुन्हा समोर यायच्या आत वेश, दाढी, चाल, सगळं बदलायचं. सिनेमात वेळ हवा तेवढा मिळतो, पण कॅमेरा हातभर अंतरावर येतो. मिशी बदलली तरी डोळे तेच राहतात. मग बोलण्याची गती, मान धरायची पद्धत, नजर कुठे ठेवायची, एवढ्यावरच नऊ माणसं वेगळी करावी लागतात. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट तमिळ अभिनेत्याचा पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला. रीलमध्ये हे नाही!

जाऊ दे. लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण ‘कळत्तूर कण्णम्मा’ आठवला. १९६०. त्यातला चिमुरडा कमल हासन, पहिलाच सिनेमा, आणि पडद्यावरचा त्याचा बाप जेमिनी. छत्तीस वर्षांनी ‘अव्वै षण्मुगी’त बाईच्या वेषातल्या त्याच कमलवर म्हातारा जेमिनी भाळतो. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, पण त्या वेड्या प्रेमात एक क्षणही ओशाळलेला दिसत नाही. थट्टा आहे, तरी तो थट्टेने करत नाही. म्हणून तर हसू येतं आणि जीवही लागतो. २००५ च्या मार्चमध्ये गेला.

बघणार असाल तर एक काळजी घ्या. तेव्हा एकाच सेटवर तमिळ आणि तेलुगू दोन्ही सिनेमे निघायचे, सावित्री तीच आणि नायक बदललेला. ‘मिस्सीअम्मा’ची तेलुगू आवृत्ती लावलीत तर एन. टी. रामाराव भेटतील. ‘मायाबाजार’ तेलुगूत लावलात तर अभिमन्यू नागेश्वर राव. दोन्ही तमिळमध्येच शोधा. तमिळचा अगदीच कंटाळा असेल तर ‘मिस्सीअम्मा’चाच हिंदी अवतार ‘मिस मेरी’ लावा, १९५७ चा. ‘वृंदावन का कृष्ण कन्हैया’ आपण रेडिओवर ऐकत आलो, ते त्यातलंच. मीनाकुमारी आपल्याला आठवते. तिच्यासमोरचा नायक जेमिनी गणेशन आहे, या वेळी त्याच्याकडे बघा.